‘हिमॅन्जिओमा आहे, जाईल आपोआप’ : या चुका टाळा

बाळाच्या त्वचेवर लाल-निळं काही दिसलं की केसपेपरवर ‘हिमॅन्जिओमा’ लिहून मोकळं व्हायचं, ही सवय काही जात नाही. 1982 मध्येच मलिकन आणि ग्लोवाकी या संशोधकांनी फरक मांडला होता : हिमॅन्जिओमा म्हणजे पेशी वाढून झालेली गाठ, मालफॉर्मेशन म्हणजे घडणीतच चुकलेल्या रक्तवाहिन्या.

पहिली चूक प्रश्नातच असते. ‘जन्मापासून आहे का?’ विचारलं की आई ‘हो’ म्हणणारच. तान्ह्या बाळाचे तीन आठवडे तिला जन्मापासूनच वाटतात. मी विचारतो, “बारशाचा फोटो आहे का मोबाइलमध्ये?” बारशाला गाल कोरा किंवा नुसता फिकट ठिपका, आणि तिसऱ्या महिन्यात लालभडक उंचवटा, तर तो इन्फन्टाइल हिमॅन्जिओमा. त्याची बरीचशी वाढ पाच महिन्यांच्या आत उरकते, मग तो वर्षानुवर्षं हळूहळू विरतो. मालफॉर्मेशन मुलाबरोबर वाढते आणि विरत नाही. (जन्मतःच पूर्ण वाढलेले हिमॅन्जिओमा असतात, पण क्वचित.)

एकदा नऊ वर्षांची मुलगी आली. गालावर मऊ, निळसर फुगवटा. ‘जाईल’ म्हणत आठ वर्षं गेली, मग कुणीतरी प्रोप्रॅनोलॉल (हिमॅन्जिओमावरचं औषध) सुरू केलं. सहा महिन्यांत ढिम्म फरक नाही. मी तिला म्हटलं, “बाळ, बुटाची नाडी बांध बरं.” ती वाकली आणि गाल टम्म भरला. उभी राहिली, उतरला. बोटाला आत ज्वारीच्या दाण्याएवढा खडा लागला : फ्लेबोलिथ, म्हणजे शिरेत गोठून कडक झालेली रक्ताची गुठळी. ही व्हेनस (शिरांची) मालफॉर्मेशन. प्रोप्रॅनोलॉल इथे काय करणार? फाइलमध्ये तीन एमआरआय होते, पण तिला वाकायला कुणी सांगितलं नव्हतं. नव्या डॉक्टरांना पेशंटला हात लावण्याआधी स्कॅन हवा असतो, याचा मला खरंच राग येतो.

गाठ हाताला गरम लागतेय, थरथर जाणवतेय? ती धमनी-शिरांची मालफॉर्मेशन असू शकते. डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) होईपर्यंत सुई-सुरी लांब ठेवा. नुसती पुरवठ्याची धमनी बांधून टाकणारे शूर मी पाहिलेत. आजूबाजूच्या वाहिन्या फुगून दुखणं आणखी चिघळतं.

कपाळ-पापणीवरच्या सपाट पोर्ट-वाइन डागाला (जन्मतःच असलेल्या लाल-जांभळ्या डागाला) ‘नुसता डाग’ म्हणू नका, डोळ्याचा दाब तपासून घ्या.

पापणी झाकणाऱ्या हिमॅन्जिओमाची वाट बघू नका, नजर अधू राहते.

बाळाच्या त्वचेवर पाच किंवा जास्त हिमॅन्जिओमा असतील तर यकृताची सोनोग्राफी.

आणि मोठ्या माणसाच्या रिपोर्टातला ‘कॅव्हर्नस हिमॅन्जिओमा’ बहुतेक वेळा व्हेनस मालफॉर्मेशनच असतो. रेडिओलॉजिस्ट मित्रांशी यावरून माझं अजून भांडण चालू आहे.