एलिमेंटरीच्या डिझाईन पेपरला नक्की काय बघायचं

एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा जवळ आल्या की पोरं स्मरणचित्राचीच (आठवणीतून काढायच्या चित्राची) धास्ती घेतात, पण माझ्या मते खरी गोची संकल्पचित्रात, म्हणजे डिझाईनच्या पेपरात होते, कारण चार फुलं आणि सहा पानं काढली की झालं डिझाईन, असंच सगळ्यांना वाटतं.

समजा चौकोन दिलाय. लगेच फूल काढायला घेऊ नका. मधली उभी-आडवी रेघ आणि कर्ण अगदी हलक्या हाताने मारा, मग दोन-तीन मोठ्या वळणदार रेषा या कडेपासून त्या कडेपर्यंत फिरवा म्हणजे चौकोनाचे लहानमोठे भाग पडतील. सगळे भाग सारखे पडले तर खोडा आणि परत फिरवा, एखादा भाग दणदणीत मोठा हवाच. आता डावीकडे वर मोठं फूल आलं तर उजवीकडे खाली तसंच फूल चिकटवायची गरज नाही, दोन-तीन कळ्या आणि एक गडद पान दिलं तरी तोल सांभाळला जातो. लय हवी असेल तर तेच पान रेषेच्या वळणावर लहान लहान करत न्या. आणि फुलांच्या मधे उरलेली जागा पण आकारच असतो बरं का, ती चिंधीसारखी उरली की सगळी मेहनत वाया.

रंग तीन पुरे, वर पांढरा-काळा. लाल आणि हिरवा दोन्ही डब्यातून काढून तसेच निम्मे-निम्मे लावले तर डोळ्याला झोंबतात, म्हणून लाल मोठ्या जागेत ठेवा आणि हिरव्यात किंचित लाल घालून त्याचा भडकपणा मारा. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट छटा, म्हणजे रंग किती फिकट किंवा गडद आहे ते! सरावाच्या चित्राचा मोबाईलवर फोटो काढा आणि ब्लॅक अँड व्हाइट करून बघा. लाल फूल आणि त्यामागचं हिरवं एकाच करड्यात विरघळून गेलं तर मागचा हिरवा पांढरा घालून फिकट करा किंवा सरळ गडद करा, मग बघा फूल कसं उठून दिसतं.

पोस्टर कलर ताकासारखा पातळ नको, पट्टे दिसतात. एक छटा लागेल तेवढी एकदमच कालवून ठेवा, नंतर तीच परत जमत नाही, त्यात वाळल्यावर रंग थोडा बदलतोच. पोत म्हणून ठिपके-रेघा एखाद्या भागातच द्या. काळी आउटलाइन? छटा नीट जमल्या असतील तर लागतच नाही.