मे महिन्यात लोहगाव कळसूबाईएवढं उंच होतं

कोथरूडला माझ्याकडे वैमानिकांच्या ग्राउंड क्लासला, म्हणजे वर्गातल्या अभ्यासाला, येणारी काही मुलं पुढे उड्डाणाचे तास भरायला अमेरिकेत जातात. कोलोरॅडोच्या डोंगरातून उडण्याआधी हे गणित मी प्रत्येकाकडून पुण्याच्या आकड्यांवर करून घेते.

लोहगाव विमानतळाची उंची १,९४२ फूट. प्रमाण हवेत समुद्रसपाटीला तापमान १५ अंश, दर हजार फुटांना २ अंश कमी. म्हणजे इथे ११ हवेत. मेच्या दुपारी असतात ४०. फरक २९, अंशामागे १२० फूट. बेरीज ५,४०० च्या थोडी वर. ही डेन्सिटी अल्टिट्यूड. कळसूबाईचा माथाही जवळपास तेवढाच. विमान लोहगावला उभं, पण इंजिनाला आणि पंखांना हवा मिळते ती तिथली. (खरं गणित अल्टिमीटर, म्हणजे उंचीचा काटा, १०१३ हेक्टोपास्कल या प्रमाण दाबावर लावून येणाऱ्या उंचीवरूनच करायचं.)

आता कोलोरॅडोतला लेडव्हिल विमानतळ घ्या: ९,९३४ फूट. पारा २५ वर, आपल्याकडे ज्याला छान हवा म्हणतात तेवढाच. उत्तर येतं १३,५०० च्या वर. सेस्ना १७२ एस या छोट्या विमानाची सर्व्हिस सीलिंग, म्हणजे चढण्याची मर्यादा, १४,००० फूट; तिथे ती मिनिटाला जेमतेम १०० फूट चढते. भरलेलं विमान तिथून दुपारी काढायचंच नाही. पहाटे निघा, वजन कमी करा. वजन १० टक्के वाढलं की टेकऑफचं अंतर सुमारे २० टक्के वाढतं.

हवेत पेट्रोल किती मिसळायचं ते ठरवणारा लाल नॉब सवयीने पूर्ण आत ठेवू नका. विरळ हवेत तेवढं पेट्रोल जास्त होतं आणि ताकद घटते. ब्रेक दाबून पूर्ण थ्रॉटल द्या, नॉब हळूहळू बाहेर घ्या. आरपीएम चढत जाऊन पडायला लागेल तिथून किंचित आत. तुमच्या विमानाचं हँडबुक काय सांगतं ते आधी वाचा.

सगळ्यात घातक फसवणूक डोळ्यांची. वेगाचा काटा ५५ नॉट दाखवतो तेव्हा लेडव्हिलला विमान ६७ च्या आसपास धावत असतं. जमीन भरभर मागे जाते, हात आपोआप नाक उचलतो. चाकं सुटतात, कारण जमिनीलगत पंखांना आधार मिळतो. पंखांच्या लांबीएवढी उंची गाठता गाठता तो आधार संपतो, समोर झाडं दिसतात, माणूस नाक आणखी ओढतो आणि विमान स्टॉल होतं, म्हणजे पंखांची उचल तुटते. म्हणून नजर काट्यावर, नाक हँडबुकातल्या वेगालाच.

आणि अर्ध्या धावपट्टीवर खूण ठरवा. तिथे नाक उचलायच्या वेगाच्या ७० टक्के हवेत, नाहीतर थांबायचं. ५५ ला ३९.

एका डोंगरातल्या धावपट्टीवर आम्ही चौघं होतो, दुपारचे दोन. माझी खूण होती विंडसॉक, वारा दाखवणारी कापडी नळी. तो बाजूला आला तेव्हा काटा ३३ वर. मी थ्रॉटल मागे घेतला. शेवटचा दिवा नाकासमोर असताना विमान थांबलं. दोघं रस्त्याने गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला, अंगात स्वेटर, त्याच विंडसॉकपाशी काटा ४४ वर होता.