गणवेश नसलेल्या शाळेसाठी बूट घेताना

पोरीच्या शाळेत गणवेश नाही, त्यामुळे बुटाचा रंग आपल्या हाती. मी तपकिरीच घेते. विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडते, म्हणजे पोरगी थेट कपाशीच्या काळ्या चिखलातच उतरते.

दुकानात बूट वाकवून पाहा. तो बोटांपाशी वाकावा, मधोमध नाही. तळ शिवलेला हवाच. नुसता चिकटवलेला आमचा गेल्या वर्षी पोळ्याआधीच उघडला, आणि लेकरू अनवाणी घरी आलं. तळाच्या खाचा रुंद बघा, बारीक खाचांत माती गच्च बसून पाय जड होतो. वेल्क्रोत चिखल भरला की ते धरत नाही, लेस बरी.

माप उभं राहून. पुढे अंगठ्याएवढी जागा ठेवा. ‘वाढत्या पायाचा’ म्हणून दोन नंबर मोठा घेऊ नका, टाचेला फोड येतात.

ओला बूट चुलीजवळ नको. पेपर कोंबून सावलीत वाळवा.