सायन्सची लांबलचक टर्म दोनदा फोडा, एकदा अर्थासाठी अन् एकदा तोंडासाठी

सायन्सच्या मोठ्या टर्म पाठ होत नाहीत आणि उच्चारतानाही जीभ अडखळते, कारण आपण शब्द एकदाच तोडतो आणि त्याच तुकड्यांनी दोन्ही कामं उरकायला बघतो. अर्थाचे तुकडे वेगळे, तोंडातले वेगळे. आपल्याला हे नवीन नाहीये खरं तर, सूर्योदयचा विग्रह सूर्य अधिक उदय, पण बोलताना सूर्-यो-दय, तो 'यो' अर्धा इकडचा अर्धा तिकडचा.

थर्मोमीटर घ्या. थर्म म्हणजे उष्णता, मीटर म्हणजे मोजणारं, मधला ओ नुसता सांधा. पण इंग्रजीत बोलतात थर-मॉ-मि-टर, आणि सगळ्यात जास्त जोर त्या सांध्याच्या ओ वरच पडतो!

अर्थासाठी फोडताना शेपटीपासून सुरुवात करा. आयटिस आलं की सूज, लॉजी आलं की शास्त्र, ईमिया आलं की रक्ताचं काहीतरी. मग पुढचं डोकं बघायचं, उरलं ते मूळ. हायपोग्लायसीमिया : शेपटी रक्ताची, हायपो म्हणजे कमी, मधला ग्लायस साखरेचा, झालं, रक्तात साखर कमी. हायपोच्या जागी हायपर आलं की अर्थ थेट उलटा, म्हणून ही दोन डोकी तरी घाईत कधीच वाचू नका.

डीएनएचं पूर्ण नाव तर मला फार आवडतं, डीऑक्सिरायबोन्यूक्लिक अॅसिड. डी म्हणजे काढून टाकलेलं, ऑक्सी म्हणजे ऑक्सिजन, रायबो म्हणजे रायबोज नावाची साखर, न्यूक्ली म्हणजे पेशीतलं केंद्रक, इक ही विशेषणाची शेपटी. म्हणजे ज्यातल्या रायबोज साखरेचा एक ऑक्सिजन अणू गेलाय ते. आरएनएच्या नावात डीऑक्सी का नाही? कारण तिथे तो ऑक्सिजन शाबूत आहे. दोघांमधला एक मोठा फरक नावातच लिहिलाय आणि आपण तो वेगळा पाठ करत बसतो.

कान मात्र फसवतो. हेलिकॉप्टर ऐकायला हेली अधिक कॉप्टर वाटतं, पण मूळ ग्रीक जोड हेलिको अधिक प्टर अशी आहे, मळसूत्रासारखं फिरणारं आणि पंख. टेरोडॅक्टिल (फार पूर्वीचा उडणारा सरपटणारा प्राणी) मधला टेर हा तोच पंख, फक्त इंग्रजीत त्याच्या आधीचा प गप्प बसतो.

आता तोंडासाठी. अक्षरं मोजू नका, ऐकू येणारे स्वर मोजा, जितके स्वर तितके तुकडे. फो-टो-सिन-थे-सिस, पाच. मग जोर कुठे ते बघा, कारण मराठीत आपण सगळे तुकडे जवळपास सारख्याच जोराने बोलतो आणि इंग्रजीत तसं केलं की ऐकणाऱ्याला शब्दच ओळखू येत नाही. लॉजी, ग्राफी, मेट्री असेल तर जोर शेवटून तिसऱ्या तुकड्यावर, इक असेल तर बहुतेक वेळा त्याच्या लगेच आधीच्या तुकड्यावर, आयटिस असेल तर आय वरच. म्हणून फोटोग्राफमध्ये जोर फो वर आणि फोटोग्राफीत टॉ वर.

आता हा एक करून बघा, ओटोरायनोलॅरिंगॉलॉजी. शेपटी लॉजी, शास्त्र. ओटो कान, रायनो नाक (रायनोसेरॉसमधलं नाक तेच), लॅरिंग स्वरयंत्र, म्हणजे कान-नाक-घशाचं शास्त्र. आणि तोंडात ओ-टो-राय-नो-लॅ-रिं-गॉ-ल-जी, नऊ तुकडे, जोर गॉ वर.