जॅग्वारचा इतिहास कसा अभ्यासावा

जॅग्वार या ब्रिटिश मोटार कंपनीचा इतिहास वाचायला घेतला की बहुतेक वाचक गाड्यांच्या नावांपासून सुरुवात करतात आणि थोड्याच वेळात एक्सके, एक्सजे, एक्सएफ, ई-टाइप अशा अक्षरांच्या गर्दीत अडकून पडतात. त्यापेक्षा एक मोठा कागद घ्यावा आणि त्यावर वर्षाच्या रकान्याशिवाय आणखी चार रकाने आखावेत: इंजिन कोणाचे होते, आकार कोणी ठरवला, गाडी किती किमतीला विकली गेली आणि कंपनीमागे पैसा कोणाचा होता. प्रत्येक महत्त्वाच्या गाडीसमोर हे रकाने भरत गेल्यास कोणत्या वर्षी कोणत्या रकान्यातील नोंद बदलते हे आपोआप दिसू लागते, आणि कंपनीची दिशा बहुतेक वेळा तिथेच बदललेली आढळते.

पहिली नोंद १९२२ ची करावी. इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरील ब्लॅकपूल या गावी विल्यम लायन्स आणि विल्यम वॉम्स्ली या दोन तरुणांनी मोटारसायकलींसाठी साइडकार बनवण्याचा व्यवसाय सुरू केला. 'स्वॅलो' या नावाच्या त्या साइडकार ॲल्युमिनियमच्या पत्र्याच्या आणि दिसायला देखण्या होत्या. १९२७ मध्ये त्यांनी ऑस्टिन सेव्हन या लहान मोटारीवर स्वतःची बॉडी चढवायला सुरुवात केली आणि १९२८ मध्ये कारखाना कॉव्हेंट्रीला, म्हणजे ब्रिटिश मोटार उद्योगाच्या ऐन केंद्रात, हलवला. या काळात इंजिनाच्या रकान्यात दुसऱ्याचेच नाव येते, हे ठळकपणे लिहून ठेवावे. १९३१ च्या 'एसएस वन' या गाडीची चासी (खालचा सांगाडा) आणि इंजिन दोन्ही स्टँडर्ड कंपनीची होती. लायन्स यांची भर होती ती लांबलचक बॉनेटची, बुटक्या छताची आणि ३१० पौंड या किमतीची. दिसायला ती गाडी याहून कितीतरी महाग वाटे. लायन्स यांचे अभियांत्रिकीचे औपचारिक शिक्षण फारसे नव्हते, पण आकाराची त्यांची नजर विलक्षण होती. ते कागदावर रेखाटने करत बसण्याऐवजी कारागिरांकडून प्रत्यक्ष आकारात बॉडी उभी करून घेत आणि तिची एकेक रेषा बदलत जात. माझ्या मते या कंपनीचे मर्म आकार आणि किंमत या दोन रकान्यांतच आहे, आणि म्हणून किमतीचा रकाना कोणीही गाळू नये.

१९३५ मध्ये 'एसएस जॅग्वार' हे नाव प्रथम आले. त्याच वर्षी विल्यम हेन्स मुख्य अभियंता म्हणून रुजू झाले आणि इंजिन-तज्ज्ञ हॅरी वेस्लेक यांनी स्टँडर्डच्या इंजिनासाठी नवे, ओव्हरहेड व्हॉल्व्हचे (वर बसवलेल्या झडपांचे) सिलिंडर हेड तयार केले. इंजिनाच्या रकान्यात येथे 'स्टँडर्ड, पण सुधारलेले' अशी नोंद करावी. वॉम्स्ली याच सुमारास कंपनीतून बाहेर पडले. १९४५ मध्ये, नाझी संघटनेमुळे कुप्रसिद्ध झालेली 'एसएस' ही अक्षरे टाकून देऊन, कंपनीने जॅग्वार कार्स हे नाव धारण केले.

यापुढे अभ्यासकाने सर्वांत जास्त वेळ द्यावा तो एक्सके इंजिनाला. दुसऱ्या महायुद्धात कॉव्हेंट्रीवर बॉम्बफेक होत असताना कारखान्यात रात्री आगीच्या पहाऱ्यावर लोक नेमावे लागत. लायन्स, हेन्स आणि अभियंते वॉल्टर हॅसन व क्लॉड बेली यांनी ही पाळी एकत्र करून घेतली आणि त्या रात्रींमध्ये युद्धानंतरच्या इंजिनाचा विचार केला. त्यातून सहा सिलिंडरचे, दोन ओव्हरहेड कॅमशाफ्टचे (झडपा उघडणाऱ्या, वर बसवलेल्या दांड्यांचे), ३,४४२ सीसीचे आणि १६० अश्वशक्तीचे इंजिन जन्मले. दोन कॅमशाफ्टची रचना तोवर मुख्यतः शर्यतीच्या आणि अतिमहागड्या गाड्यांत आढळे. ती मोठ्या संख्येने बनणाऱ्या गाडीत आणणे हा धाडसी निर्णय होता. हे इंजिन पुढे २.४, २.८, ३.८ आणि ४.२ लिटर अशा वेगवेगळ्या क्षमतांत आले, फ्रान्समधील ले मॉंच्या शर्यती जिंकून गेले, ब्रिटिश सैन्याच्या स्कॉर्पियन या हलक्या रणगाड्यातही बसले आणि १९९२ पर्यंत बनत राहिले. म्हणून कागदावर १९४८ पासून १९९२ पर्यंत एक सलग रेघ ओढावी आणि त्या काळातील गाड्या तिच्या दोन्ही बाजूंना मांडाव्यात. मार्क सेव्हन, मार्क टू, ई-टाइप, एक्सजे ६ यांची नावे व रूपे निरनिराळी असली, तरी त्यांचे नाते या रेघेमुळे लगेच उलगडते.

एक्सके १२० ही गाडी तारखा कशा नोंदवाव्यात हे शिकण्यासाठी उत्तम आहे. ती ऑक्टोबर १९४८ मध्ये लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात मांडली गेली, ग्राहकांच्या हाती १९४९ मध्ये पडू लागली आणि १९५० मध्ये तिची बॉडी ॲल्युमिनियमऐवजी पोलादाची झाली. तीन पुस्तकांत तीन वर्षे दिसली म्हणून कोणीतरी चुकले असे मानू नये. अनावरणाचे, विक्रीचे आणि बदलाचे वर्ष स्वतंत्रपणे लिहावे. बदलाचे कारणही सोबत टिपावे. ही गाडी मुळात नव्या इंजिनाची जाहिरात म्हणून मोजक्या संख्येत काढायची होती, परंतु मागणी, विशेषतः अमेरिकेतून, इतकी आली की लाकडी सांगाड्यावर हाताने पत्रा चढवण्याची पद्धत पुरेना. त्या काळी ब्रिटनमध्ये पोलादाचे वाटप निर्यातीच्या कामगिरीशी जोडलेले होते, त्यामुळे परदेशातील या मागणीने कंपनीला कच्चा मालही मिळवून दिला.

वेगाचे आकडे नेहमी त्यांच्या अटींसह लिहावेत. मे १९४९ मध्ये बेल्जियममधील याबेके येथील सरळ रस्त्यावर एक्सके १२० ने छत व बाजूचे पडदे लावून ताशी सुमारे १२६ मैल आणि समोरची काच काढून ताशी १३२.६ मैल वेग गाठला. दोन्ही आकडे खरे आहेत, पण ते एकाच अवस्थेतील गाडीचे नाहीत. ई-टाइपच्या ताशी १५० मैलांबाबतही हीच दक्षता घ्यावी, कारण तो वेग नियतकालिकांना चाचणीसाठी दिलेल्या, खास काळजीने तयार केलेल्या गाड्यांनी नोंदवला होता आणि दुकानातून घेतलेल्या सर्वसाधारण गाडीकडून तेवढी अपेक्षा धरता येत नसे.

शर्यतींची नोंद वेगळ्या कागदावर करावी, मात्र ती विजयांच्या यादीपुरती ठेवू नये. ले मॉंच्या चोवीस तासांच्या शर्यतीत जॅग्वार १९५१, १९५३, १९५५, १९५६, १९५७, १९८८ आणि १९९० अशी सात वेळा पहिली आली. यांपैकी १९५३ चा विजय सर्वांत बारकाईने अभ्यासावा, कारण त्या वर्षी सी-टाइप या शर्यतीच्या गाड्यांना डनलॉप कंपनीच्या साहाय्याने विकसित केलेले डिस्क ब्रेक होते. वळणाच्या आधी इतरांपेक्षा उशिरा ब्रेक दाबता येणे आणि तासन्‌तास वापरूनही ब्रेकची पकड टिकणे, या दोन गोष्टींनी शर्यतीचे गणित बदलले आणि तेच ब्रेक काही वर्षांतच कंपनीच्या सर्वसामान्य गाड्यांवर आले. त्याउलट १९५२ मध्ये वेगासाठी गाडीचे नाक घाईने बदलले गेले आणि तिन्ही सी-टाइप इंजिन तापून बाद झाल्या. हे अपयशही नोंदवावे. १९५५ च्या विजयाबद्दल लिहिताना त्याच शर्यतीतील अपघातात ८० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली हे कधीही वगळू नये. लायन्स यांचा एकुलता एक मुलगा जॉन हाही त्या शर्यतीसाठी ले मॉंकडे जात असताना फ्रान्समध्ये रस्त्यावरील अपघातात मरण पावला होता. ही घटना मालकीच्या रकान्याच्या समासात लिहून ठेवावी. पुढील दशकात तिचे महत्त्व कळते. १९५६ आणि १९५७ ची विजेती डी-टाइप गाडी कारखान्याच्या संघाची नव्हती, ती एकुरी एकोस या स्कॉटिश खासगी संघाची होती.

सी-टाइप, डी-टाइप आणि ई-टाइप यांच्या वेळी आकाराच्या रकान्यात लायन्स यांच्याऐवजी दुसरे नाव प्रमुख होते: माल्कम सेयर. ते विमान उद्योगातून आले होते आणि गाडीच्या पृष्ठभागाची वक्रता गणिताने काढत. मार्च १९६१ मध्ये जिनिव्हा येथे ई-टाइप सादर झाली तेव्हा दुसरी गाडी तातडीने हवी म्हणून चाचणी-चालक नॉर्मन ड्यूइस यांनी कॉव्हेंट्रीहून रात्रभर चालवत ती जिनिव्हाला पोचवली. सुमारे दोन हजार पौंडांत अशी गाडी मिळणे हे त्या काळी अविश्वसनीय होते. किमतीच्या रकान्यात एसएस वनच्या ओळीकडे पुन्हा एकदा पाहावे म्हणजे लायन्स यांचे धोरण तीस वर्षे कसे टिकले ते ध्यानात येते. या गाडीचे टप्पे ओळखायला सोपे आहेत. १९६४ मध्ये इंजिन ३.८ वरून ४.२ लिटरचे झाले, १९६७ मध्ये हेडलाइटवरील काचेची आवरणे गेली, १९६८ मध्ये दुसरी मालिका आली आणि १९७१ मध्ये तिसऱ्या मालिकेत ५.३ लिटरचे व्ही १२ (बारा सिलिंडरचे) इंजिन बसले.

नावांच्या बाबतीत काही सापळे आहेत. 'मार्क वन' हे नाव १९५५ मध्ये अस्तित्वात नव्हते. १९५९ मध्ये मार्क टू आल्यानंतर आधीच्या गाडीला लोक तसे म्हणू लागले. मार्क फाइव्हनंतर एकदम मार्क सेव्हन येते, कारण मार्क सिक्स हे नाव बेंटलीकडे होते. एस-टाइप या नावाच्या दोन गाड्या आहेत, एक १९६३ ची आणि दुसरी १९९० च्या दशकाच्या अखेरची, आणि त्यांचा परस्परांशी यांत्रिक संबंध नाही. १९९६ च्या एक्सके ८ मध्येही जुने एक्सके इंजिन नसून नवे व्ही ८ इंजिन आहे.

आता मालकीच्या रकान्याकडे वळावे. जॅग्वारच्या बॉडी बनवून देणारी प्रेस्ड स्टील ही कंपनी १९६५ मध्ये ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनने विकत घेतली आणि लायन्स यांच्यापुढे पेच पडला. बॉडीचा पुरवठादार स्पर्धकाच्या हाती गेला होता आणि स्वतःमागे वारस नव्हता. १९६६ मध्ये त्यांनी विलीनीकरण स्वीकारले आणि १९६८ मध्ये हा सारा समूह ब्रिटिश लेलँडमध्ये गेला. त्याच वर्षी आलेली एक्सजे ६ ही लायन्स यांच्या नजरेखाली घडलेली अखेरची सलून (बंद छताची चार दारी गाडी), आणि मला ती त्यांची सर्वांत परिपूर्ण गाडी वाटते. १९७२ मध्ये ते निवृत्त झाले. १९७५ मध्ये ब्रिटिश लेलँडचे राष्ट्रीयीकरण झाले. या काळात दर्जा घसरला. १९८० मध्ये जॉन ईगन यांच्याकडे सूत्रे आली, १९८४ मध्ये कंपनीचे समभाग पुन्हा बाजारात आले आणि १९८९ मध्ये फोर्डने ती खरेदी करण्याचा करार केला. फोर्डच्या काळाचे मूल्यमापन करताना घाई करू नये. एक्स-टाइप ही गाडी फोर्ड मॉन्डिओच्या पायावर उभी होती म्हणून तिच्यावर टीका झाली, परंतु २००३ ची ॲल्युमिनियम बॉडीची एक्सजे हीदेखील फोर्डच्याच पैशातून आलेली आहे.

२००८ मध्ये टाटा मोटर्सने जॅग्वार आणि लँड रोव्हर एकत्रितपणे सुमारे २.३ अब्ज डॉलरना घेतली आणि मालकीच्या रकान्यात मुंबईचे नाव आले. २०११ पासून पुण्यात या समूहाच्या गाड्यांची जुळणी सुरू झाली आणि २०१३ मध्ये तेथे जॅग्वार एक्सएफही जुळवली जाऊ लागली. मराठी अभ्यासकाला या इतिहासाचा एक भाग जवळच सापडतो तो असा. २०१८ ची आय-पेस ही विजेवर चालणारी गाडी, २०२१ मध्ये जाहीर झालेले पूर्णपणे विजेकडे वळण्याचे धोरण, २०२४ मध्ये थांबलेले एफ-टाइपचे उत्पादन आणि त्याच वर्षाअखेर दाखवलेला 'टाइप झिरो झिरो' हा नमुना या नोंदी पेन्सिलने कराव्यात, कारण हा टप्पा अजून घडतो आहे.

एखाद्या विशिष्ट जुन्या गाडीचा इतिहास शोधायचा असेल, तर चासी क्रमांकापासून सुरुवात करावी. ३.८ लिटरच्या ई-टाइपमध्ये उजवीकडे स्टिअरिंग असलेल्या रोडस्टरचे (उघडणाऱ्या छताच्या गाडीचे) क्रमांक ८५०००१ पासून आणि कूपेचे (बंद छताच्या गाडीचे) ८६०००१ पासून, तर डावीकडे स्टिअरिंग असलेल्या रोडस्टरचे ८७५००१ पासून आणि कूपेचे ८८५००१ पासून सुरू होतात. त्यामुळे गाडी मूळची कोणत्या प्रकारची होती हे क्रमांकावरून कळते. चासी, इंजिन, गिअरबॉक्स आणि बॉडी यांचे क्रमांक प्रत्यक्ष गाडीवरून उतरवून घ्यावेत आणि जॅग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्टकडे प्रमाणपत्रासाठी अर्ज करावा. कारखान्याच्या मूळ नोंदवह्यांवर आधारलेल्या त्या प्रमाणपत्रात उत्पादनाची तारीख, मूळ रंग आणि गाडी प्रथम कोणत्या विक्रेत्याकडे रवाना झाली ही माहिती मिळते. डी-टाइपच्या कुळातील गाड्यांबाबत विशेष सावध राहावे. १२ फेब्रुवारी १९५७ रोजी जॅग्वारच्या ब्राउन्स लेन कारखान्याला आग लागली, डी-टाइपवरून रस्त्यासाठी काढलेल्या एक्सकेएसएस या गाडीची त्यामुळे केवळ १६ वर संख्या थांबली, आणि २०१६ मध्ये कंपनीनेच आगीत गेलेल्या नऊ गाड्यांच्या जागी नऊ नव्या बनवण्याचे जाहीर केले. त्या नवनिर्मित गाड्यांची नोंद मूळ १६ गाड्यांत मिसळू न देता स्वतंत्र ओळीत, त्यांच्या वर्षासह करावी.