एक राउटर, तीन सर्व्हर आणि ४४३ चं भांडण

एकाच राउटरमागचे दोन-तीन सर्व्हर बाहेरून, म्हणजे इंटरनेटवरून कसे उघडायचे ते सांगतो. राउटरमध्ये लॉगिन करता येतं आणि पोर्ट फॉरवर्डिंगचं पान (बाहेरून कोणत्या पोर्टवर, म्हणजे नंबरच्या दारावर, आलेलं आतल्या कोणत्या मशीनकडे पाठवायचं ते रूल इथे टाकतात) सापडलंय असं धरून चालतो.

आधी राउटरच्या स्टेटसमधला वॅन आयपी (राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता) बघा. तो १००.६४ ते १००.१२७ च्या रेंजमधला असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, म्हणजे एकच पब्लिक आयपी अनेक ग्राहकांत वाटलेला आहे, मग कितीही रूल टाका, बाहेरून काही येणार नाही, इंटरनेटवाल्याकडे पब्लिक आयपी मागा. आयपी ठीक असेल तर प्रत्येक सर्व्हरला डीएचसीपी रिझर्व्हेशन करून टाका, म्हणजे त्याचा आतला आयपी बदलत नाही.

वेगळे पोर्ट असतील तर काम दोन मिनिटांचं. माइनक्राफ्ट गेमचा सर्व्हर २५५६५ टीसीपी एका मशीनवर, वायरगार्ड (बाहेरून घरच्या नेटवर्कमध्ये सुरक्षित शिरायचं व्हीपीएन) ५१८२० यूडीपी दुसऱ्यावर, झालं. टीसीपी-यूडीपी हे डेटा पाठवायचे दोन वेगळे प्रकार, त्यांची अदलाबदल तेवढी करू नका.

खरी गंमत दोन वेब सर्व्हर आले की सुरू होते, कारण दोघांनाही ४४३, म्हणजे एचटीटीपीएसचा ठरलेला पोर्टच पाहिजे. मी सरळ ४४३ चे दोन रूल टाकले, राउटरने दोन्ही निमूटपणे सेव्ह केले, पण चालायचा फक्त पहिला. मी मूर्खासारखा दुसऱ्या सर्व्हरलाच दोष देत बसलो, दोनदा नव्याने इन्स्टॉल केला. अरे, बाहेरचा एक पोर्ट एकाच मशीनकडे जाणार, राउटरला फक्त पोर्ट नंबर दिसतो, साइटचं नाव तो बघतच नाही!

मग सगळे सांगतात तसं बाहेर ८४४३ ठेवून आत ४४३ कडे वळवलं. चालतं, नाही असं नाही, पण प्रत्येक लिंकच्या शेवटी नंबर चिकटवा, ऑफिसच्या नेटवर असले पोर्ट बरेचदा बंद, आणि फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टची एचटीटीपी तपासणी (डोमेन तुमचंच आहे ना ते बघायची) ८० वरच येते, ते ८० आधीच पहिल्या सर्व्हरकडे गेलेलं, त्यामुळे दुसऱ्याला सर्टिफिकेट मिळेना. हा सल्ला देणाऱ्यांनी स्वतः सहा महिने तसं वापरून बघावं.

८० आणि ४४३ दोन्ही एकाच मशीनकडे पाठवा आणि तिथे रिव्हर्स प्रॉक्सी बसवा, म्हणजे साइटचं नाव बघून विनंती योग्य सर्व्हरकडे पाठवणारा प्रोग्रॅम. एन्जिनएक्स चालेल, पण पहिल्यांदा करताय तर कॅडी घ्या, सर्टिफिकेट तोच आणतो. प्रत्येक सर्व्हरला वेगळा सबडोमेन (मुख्य डोमेनच्या पुढे लावलेलं वेगळं नाव), सगळे एकाच पब्लिक आयपीकडे, कोणतं नाव आतल्या कुठल्या आयपीवर जाणार ते प्रॉक्सी ठरवतो. तिसरा सर्व्हर आला तेव्हा मी राउटरला हातही लावला नाही, कॉन्फिगमध्ये तीन ओळी वाढवल्या. फक्त आतल्या अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये प्रॉक्सीचा आयपी विश्वासू म्हणून टाका, नाहीतर लॉगमध्ये प्रत्येक पाहुणा प्रॉक्सीच्याच आयपीवरून आलेला दिसतो.

डीएमझेड (सगळे पोर्ट एकाच मशीनकडे वळवायची राउटरची सोय) चालू करा म्हणणाऱ्याचं ऐकू नका, त्याने आख्खं मशीन उघडं पडतं. २२ (एसएसएच) आणि ३३८९ (रिमोट डेस्कटॉप), म्हणजे दुरून मशीन चालवायचे पोर्ट, पण बाहेर काढू नका, त्यासाठी वायरगार्ड आहे.

टेस्ट मात्र वायफाय बंद करून मोबाइल डेटावर करा, बऱ्याच राउटरना आतून स्वतःच्या पब्लिक आयपीवर जाता येत नाही आणि आपण उगाच चालू असलेले रूल खोडत बसतो.