भयकथेसाठी नवीन विषय कुठून आणायचा?

भयकथा लिहायला बसलं की डोक्यात आधी तेच येतं, पडकं घर, पावसाळी रात्र, आरशात उभी बाई, आणि वाचकाला चौथ्या ओळीत शेवट कळलेला असतो. त्यापेक्षा ज्या भीतीचं कारण नंतर सापडलं अशा खऱ्या घटना वाचा, माझ्या मते सगळ्यात भारी मटेरियल तिथेच आहे. व्हिक टँडी नावाच्या ब्रिटिश इंजिनिअरला लॅबमध्ये रात्री काम करताना अचानक घाम फुटला आणि नजरेच्या कडेला एक करडी आकृती दिसली, वळून बघितलं तर गायब! शेवटी त्याच्या मते कारण निघालं काय, तर एका पंख्यामुळे साधारण १९ हर्ट्झचा आवाज तयार होत होता, जो आपल्याला सहसा ऐकूच येत नाही. १९९८ मध्ये त्यावर पेपरही आला.

आता हेच तुमच्या कथेत घ्या, पंखा बंद होतो, सगळे निवांत होतात, आणि आकृती मात्र तिथेच असते.

स्लीप पॅरालिसिसचंही तसंच, जाग आलेली असते पण बोटसुद्धा हलत नाही, खोलीत कोणीतरी आहे असं पक्कं वाटतं. ज्यांना हा अनुभव आलाय त्यांना नीट विचारा, म्हणजे ते ‘कोणीतरी’ कुठल्या बाजूला होतं, श्वास ऐकू येत होता का, वगैरे. असले बारीक तपशील घरबसल्या सुचत नाहीत हो! ऐकलं की लगेच त्यांच्याच शब्दांत फोनमध्ये टाइप करून ठेवा, आणि कथेत वापरायच्या आधी त्यांना विचारा.